गंगेला पूर आणि देव्हाऱ्यातली समई : पंचवटीतल्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

हे कुणा एका घराचं वृत्त नाही. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या काठच्या जुन्या वाड्यांत पुराच्या दिवशी ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, त्या एका कुटुंबाभोवती गुंफून हे प्रकरण अभ्यासासाठी उभं केलं आहे. माणसं कल्पित आहेत. नदी, पूल, मंत्र, औषधं आणि चुका मात्र खऱ्या आहेत.

घर नाशिकच्या पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. गल्लीपासून तीन पायऱ्या वर. आजी बहात्तर वर्षांच्या. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हींच्या गोळ्या चालू. मुलगा सातपूरच्या कारखान्यात, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला. सून घरी. नऊ वर्षांचा नातूही घरीच, पावसामुळे शाळेला सुट्टी. श्रावणी सोमवार असल्यानं आजींचा कडक उपास: सकाळपासून फक्त बिनसाखरेचा चहा आणि पाणी, पण मधुमेहाची गोळी मात्र नेहमीच्या वेळी घेतलेली. देव्हाऱ्यात समई तेवत होती. पाणी उतरेपर्यंत ती शांत होऊ द्यायची नाही, असं आजींनी मनाशी धरलं होतं.

दुपारी चारला गल्लीतून बातमी आली, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं.

नाशिककरांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नदीपात्रातली ही मूर्ती म्हणजे गावाची पूरपट्टी: गुडघा, कंबर, छाती, गळा, आणि मग डोकं. क्युसेकचा आकडा ऐकून किती पाणी येणार हे डोळ्यांपुढे उभं राहत नाही. मारुतीचा गळा म्हटलं की राहतं. तरी आकडाही कळायला हवा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी सोमेश्वरवरून, होळकर पुलाखालून रामकुंडाकडे निघालं. त्यात शहरात पडणारा पाऊस, वाघाडीसारखे नाले आणि धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी वेगळं. म्हणून धरणाचा विसर्ग तेवढाच असूनही घाटावरचं पाणी चढू शकतं. होळकर पुलापाशी मोजलेला प्रवाह धरणाच्या आकड्यापेक्षा मोठा आला, तर कुणी काही लपवतंय असा त्याचा अर्थ होत नाही.

आजींचं म्हणणं ठाम होतं. "एकोणसत्तरचा पूर पाहिलाय मी. आठचाही पाहिला. गंगामाई पायरीला शिवते आणि परत जाते. रामराया आहे. मी घर सोडणार नाही."

१९६९, २००८, २०१६, २०१९. गोदाकाठच्या आठवणीत पुराची ही वर्षं पक्की बसलेली आहेत, आणि ज्यानं त्यातली दोन-तीन पाहिली त्याला पुढचाही पूर तसाच जाईल असं वाटतं. ही चूक श्रद्धेची नाही, हिशोबाची आहे. प्रत्येक पुराची पातळी वेगळी असते. मधल्या वर्षांत गल्लीचा रस्ता चढलेला असतो, गटाराची तोंडं बुजलेली असतात, आणि माणसाचं वय वाढलेलं असतं. तरुणपणी गुडघाभर पाण्यातून गेली, म्हणून बहात्तरीतली आजी जाऊ शकेल असं होत नाही. वेगानं वाहणारं अर्धा फूट पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा पाय उखडतं.

पण सुनेनं ज्या शब्दांत उत्तर दिलं, तिथे प्रकरण बिघडलं. "आई, देव येणार आहे का उचलून न्यायला?" ती घाबरली होती, म्हणून बोलून गेली. आजींना ते देवावरचं बोलणं वाटलं. आता घर सोडणं म्हणजे रामावरचा विश्वास सोडणं, असं समीकरण त्यांच्या मनात बसलं. असा वाद एकदा देवावर गेला की पाण्याच्या पातळीबद्दल बोलायला कुणी उरत नाही. त्या वादात पाऊण तास गेला, आणि हा पाऊण तास उजेडाचा होता.

याच वेळात फोनवर "धरण फुटलं" असा आवाजी संदेश आला. कुणाचा, कुठून, कधीचा, काही पत्ता नाही. नातवाच्या पोटात दुखायला लागलं. सून नवऱ्याला फोनावर फोन लावत होती. कारखान्यात फोन लॉकरमध्ये. आणि आजी रामरक्षा म्हणायला बसल्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण भीतीच्या वेळी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन हेच आहे, आणि ते चुकीच्या पद्धतीनं वापरलं जातं. घाबरलेला माणूस स्तोत्र भरधाव म्हणतो. श्लोकामागून श्लोक, श्वास न घेता, आणि मग धापा टाकत. छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास सुरू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. त्यानं माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर म्हणतो. स्तोत्र तेच, शब्द तेच, पण शरीराला त्यातून पळण्याचाच इशारा मिळतो.

उलट, उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते. २००१ साली इटलीतल्या पाविया विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे" हा मंत्र तपासला. दोन्हींच्या लयीत श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम होतो, असं त्यांना दिसलं. नाशिकला यासाठी लांब जायची गरज नाही. टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं ज्या त्रयोदशाक्षरी मंत्राचा जप केला असं परंपरा सांगते, तो "श्रीराम जय राम जय जय राम" एका उच्छ्वासात सावकाश बसतो. नाकानं चार आकडे श्वास आत, मग सहा आकड्यांत सोडत तेरा अक्षरं. पोट पुढे येतंय ना, ते हातानं पाहायचं. मिनिटाला सहा वेळा, म्हणजे १०८ चा एक फेरा अठरा मिनिटांत. घाई असेल तेव्हा पूर्ण माळ लागत नाही. बारा वेळा, दोन मिनिटं, एवढ्यानंही हाताची थरथर कमी होते. ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी श्वास रोखून धरायचा नाही. इथे रोखणं नाहीच, फक्त सोडणं लांब आहे.

आणि जप हातांच्या कामाशी बांधायचा. हे या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं सूत्र आहे असं आम्हाला वाटतं. डोळे मिटून बसून केलेला जप रात्री सुरक्षित जागी पोचल्यावर. पाणी चढत असताना जप तोंडात आणि गॅसचं रेग्युलेटर हातात.

साडेपाचला आजींचे हात थरथरू लागले. अंगाला घाम. शब्द अडखळत होते, नातवाला त्यांनी मुलाच्या नावानं हाक मारली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घाबरल्यात हो, नाम घ्या म्हणावं." सगळ्यांनी नाम घेतलं.

ही भीती नव्हती. उपास अधिक साखर उतरवणारी गोळी, म्हणजे रक्तातली साखर खाली गेली होती. भीतीची आणि साखर उतरल्याची लक्षणं इतकी सारखी आहेत की घरच्यांना वेगळी करता येत नाहीत: थरथर, घाम, धडधड. फरक गोंधळलेल्या बोलण्यात दिसतो. मधुमेही माणूस पुराच्या दिवशी असा दिसला तर आधी साखर, मग चर्चा. तीन ते चार चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, ग्लुकोमीटर असेल तर मोजायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीत नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, चेहरा एका बाजूला ओढलेला, यापैकी काही दिसलं तर "भीतीनं होतंय" म्हणत बसायचं नाही.

आजी उपास मोडायला तयार नव्हत्या. सुनेच्या लक्षात आलं की साखरेचं पाणी उपासाला चालतं. तिनं ते तांब्याच्या छोट्या गडूत दिलं आणि म्हणाली, "आई, तीर्थ समजून घ्या." वीस मिनिटांत आजी ताळ्यावर आल्या. वाद घालून जे साधलं नव्हतं ते इथे साधलं: सून आजींच्या श्रद्धेच्या आतून बोलली.

तिथून पुढचं बोलणं सोपं झालं. मुलाचा फोन लागला होता. तो म्हणाला, "आई, तू ज्या पंचवटीत बसलीयेस तिथे राम घर सोडूनच आला होता ना? अयोध्या सुटली म्हणून त्याचं काही सुटलं का?" आजी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देव सोडून कशी येऊ?"

म्हणजे खरा अडसर भीती नव्हता, हट्टही नव्हता. देव्हारा होता. शिसवी, जड, भिंतीला ठोकलेला. पुराच्या रात्री घर न सोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तेच विचारायला हवं: काय मागे राहील असं वाटतंय? उत्तर बहुधा देव, एखादा फोटो, गाय किंवा कुत्रं असं असतं. त्याची सोय झाली की पाय निघतो.

सोय अशी झाली. देव्हारा जागेवर राहिला. त्यातल्या मूर्ती, टाक, शाळिग्राम आणि बाण एका स्वच्छ पंच्यात गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पोथ्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीच्या आत दुसरी. डबा नातवाच्या हातात. समई हा दुसरा प्रश्न. पेटता दिवा मागे ठेवणं धोक्याचं, कारण पाणी शिरल्यावर सिलिंडर तरंगून आडवा होतो, नळी निसटते, आणि गॅस ज्योतीपर्यंत पोचतो. आजींनी समईला नमस्कार केला, म्हसरूळला भाचीकडे पोचल्यावर निरांजन लावीन असं सांगितलं, आणि ती स्वतःच्या हातानं शांत केली. दुसऱ्या कुणी फुंकर मारली असती, तर त्या रात्रभर तेच बोलत बसल्या असत्या.

बाकीची कामं पंचवीस मिनिटांत झाली. मेन स्विच कोरड्या हातानं, कोरड्या पायांनी बंद. एकदा पाणी घरात आलं की त्या बोर्डाला हात लावायचा नाही. गॅसचं रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी, आणि सिलिंडर उभाच खिडकीच्या गजाला दोरीनं आवळून. गोळ्या सात दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आधार, रेशनकार्ड, पासबुक, घराची कागदपत्रं. चष्मा आणि कवळी, जे सगळेजण विसरतात. फ्रिज आणि गाद्या वर चढवण्याच्या नादात सुनेनं दहा मिनिटं घालवली, ती घालवायला नको होती.

नातवाशी बोलताना तिनं एक गोष्ट बरोबर केली. "काही होणार नाही" असं ती म्हणाली नाही. मूल अशा वाक्यावर विश्वास ठेवतं, आणि घरात पाणी शिरलेलं पाहिलं की पुढच्या कुठल्याच धीरावर ठेवत नाही. ती म्हणाली, "घर ओलं होईल. आपण चौघं कोरडे राहू. परत आलो की पुसून काढू. देवांचा डबा तुझ्याकडे." पोटदुखी रिक्षात बसल्यावर थांबली.

साडेसातला ते म्हसरूळला आजींच्या भाचीकडे पोचले. मुलगा पाळी संपल्यावर थेट तिथेच गेला. घर बघायला पंचवटीत उतरायचं नाही, हे फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. रात्री दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं, आणि गल्लीतल्या तिन्ही पायऱ्या बुडून घरात दोन फूट पाणी चढलं.

सुरक्षित जागी पोचल्यावर भीती संपत नाही. उलट, काम संपलं की ती वर येते. प्रत्येकाच्या हातात फोन, दर दोन मिनिटांनी नवी चित्रफीत, त्यातल्या कितीतरी जुन्या वर्षांच्या. इथे नियम लागतो: एक माणूस, एक खात्रीचा स्रोत, तासातून एकदा. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीला ११२. बाकीचे फोन उलटे ठेवायचे. दोन वेळच्या बातम्यांच्या मधल्या वेळात आजींनी निरांजन लावून माळ घेतली, या वेळी सावकाश, एका श्वासाला एक मंत्र. नातू शेजारी बसून आकडे मोजत होता आणि साठाच्या आसपास झोपला.

झोपण्याआधी त्यानं विचारलं होतं, "आजी, देव पाणी थांबवत का नाही?"

या प्रश्नाला मोठी माणसं घाईघाईनं काहीतरी ठोकून देतात. "आपली परीक्षा बघतोय" हे मुलाला भिववतं. "कुणाच्या तरी पापामुळे" हे तर कधीच म्हणू नये. मूल ते पाप स्वतःचं समजतं. आजी म्हणाल्या, "का ते मला नाही सांगता यायचं, बाळा. पण मघाशी माझी जीभ अडखळत होती, तेव्हा तुझ्या आईनं पाणी पाजलं ना? मला त्यात तो दिसला." वडीलधाऱ्या श्रद्धाळू माणसाकडून "मला नाही सांगता यायचं" हे ऐकणं मुलाला घाबरवत नाही. खोटं आश्वासन पकडलं गेलं की मात्र घाबरवतं.

आजींचा विश्वास त्या दुपारी एका हमीवर उभा होता: मी समई तेवत ठेवीन, तू पाणी अडव. हमी म्हटली की दर तासाला ती तपासावी लागते. पाणी एक पायरी चढलं की मन एक पायरी खचतं, आणि शेवटी घरात पाणी शिरलं की माणसाला देवानं टाकल्यासारखं वाटतं. रात्री त्या ज्या विश्वासावर झोपल्या तो सोबतीचा होता. त्यात घर वाचेल अशी अट नव्हती. नवस बोलू नये असं आमचं म्हणणं नाही, गोदाकाठी नवस बोलला जाणारच. तो औषधाच्या, अन्नाच्या आणि बाहेर पडण्याच्या आड येणारा नसावा, आणि फेडताना कुणाचा जीव धोक्यात येऊ नये, एवढं पाहावं.

फेडण्यावरून आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी थोडं उतरताच आजींना गंगामाईची ओटी भरायला घाटावर जायचं होतं. उतरत्या पाण्यात घाटाच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं, धार अजून ओढत असते, पायाखालचा दगड दिसत नाही. पुरानंतरची ही वेळ फसवी. ओटी घरच्या कलशाची भरली, आणि नदीची आठ दिवसांनी.

घरी परतल्यावर आधी फोटो, मग साफसफाई, कारण पंचनाम्याला भिंतीवरची पाण्याची रेघ लागते. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू केला नाही, आणि गॅस वितरकाच्या माणसानं पाहिल्याशिवाय शेगडी पेटवली नाही. गॅसगळतीचा वास आला तर १९०६. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर पुढे निदान एक मिनिट. गाळ उपसताना गमबूट आणि हातमोजे, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो. पायाला जखम असेल आणि पाण्यात उतरावं लागलं असेल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. एक पोथी कपाटात मागे राहून भिजली होती. ती उन्हात टाकली तर पानं वाकडी होऊन ठिसूळ होतात. सावलीत, पंख्याखाली, पानांच्या मध्ये कोरा टीपकागद घालून, तो दिवसातून तीन-चार वेळा बदलून ती चार दिवसांत सुटी झाली. शाईची कडा पसरली, अक्षरं वाचता येतात.

पुढचे काही आठवडे पावसाचा आवाज वाढला की सून रात्री उठून दाराखाली हात लावून पाहायची. नातू दोनदा अंथरुणात ओला झाला. हे होतं. रागावायचं नाही, चिडवायचं नाही, झोपायच्या वेळा आणि संध्याकाळचा दिवा नेहमीच्या वेळी ठेवायचा. महिना उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा मूल शाळेचं नाव काढताच रडत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. देवावर विश्वास असलेला माणूस डॉक्टरकडे गेला म्हणजे विश्वास कमी पडला, असं घरात कुणी म्हणू नये. त्या रात्री आजींना साखर हवी होती, तसंच हेही.

आता देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला एक पिशवी असते: गोळ्या, चिठ्ठी, साखरेची पुडी, टॉर्च, जास्तीची माळ. आषाढ लागला की गोळ्यांच्या तारखा तपासल्या जातात. श्रावणी सोमवारी दुपारी फराळ करायचा आणि त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारायचं, हे आजींनी मान्य केलं आहे. डबा मात्र त्यांनी बदलायला लावला. पहिला सगळे देव ठेवल्यावर जड होत होता. नवा नातवाला एका हातानं उचलता येतो, म्हणजे दुसरा हात आजींना धरायला मोकळा राहतो.